तार्ना: फक्त तिसऱ्या मजल्यावर उपलब्ध

व्हेस्तेरोस शहरातल्या त्या एक्केचाळीस घरांच्या सोसायटीत तळघरातली कपडे धुण्याची मशीन सगळ्यांनी आळीपाळीने वापरायची असे. तळघराच्या दाराशी एक फळा होता. आपल्या घराचं छोटं कुलूप हव्या त्या वाराच्या भोकात बसवलं की पाळी पक्की. तीस वर्षं हे विनातक्रार चाललं होतं, आणि चेअरमन तोर्स्तेन विकांदर यांना नेमकी हीच गोष्ट खटकत होती.

मार्चमध्ये ते एका चर्चासत्राला जाऊन आले आणि ‘तार्ना’ नावाच्या नव्या ब्राउझरच्या प्रेमात पडले. स्वदेशी, सुरक्षित, कुणावर पाळत न ठेवणारा. पाळी लावण्याचं पान त्यांनी एका ओळखीच्या तंत्रज्ञाकडून असं करून घेतलं, की ते फक्त तार्नातच उघडेल. पाळी लावल्याशिवाय तळघराचं दारही उघडू नये, अशी सोय केली. मग फळा उतरवून भंगारात दिला. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी तार्ना स्वतःच्या कॉम्प्युटरवर घ्यायला घेतला.

‘सध्या फक्त लिनक्ससाठी,’ कंपनीनं लिहिलं होतं. ‘विंडोज आणि मॅकसाठी लवकरच. मोबाइल त्यानंतर.’

तंत्रज्ञ तीन आठवडे कॅनरी बेटांवर उन्हात पडलेला होता आणि फोन उचलत नव्हता.

सोमवारी सकाळी तळमजल्यावरची फरीदा चेअरमनच्या दारात उभी राहिली. “तोर्स्तेन, माझी जुळी पोरं दिवसाला सोळा कपडे खराब करतात. हे ‘लवकरच’ म्हणजे कधी?”

“नव्या तंत्रज्ञानात थोडा धीर धरावा लागतो, फरीदा.”

“बरं. पोरांना सांगून बघते.”

चौकशीअंती एक्केचाळीस घरांत लिनक्स एकाच ठिकाणी निघालं: तिसऱ्या मजल्यावर, एकोणऐंशी वर्षांच्या राग्नहिल्डबाईंकडे. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला नवं विंडोज झेपेना, म्हणून वाचनालयातल्या दुरुस्तीवाल्यांनी त्याऐवजी फुकट मिळणारं, हलकं लिनक्स बसवून दिलं होतं.

“चालू केला की पेंग्विन दिसतो,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, जाहिरात आहे.”

याच बाईंनी मागच्या वर्षी ड्रायरच्या जाळीतला कचरा काढला नाही म्हणून तोर्स्तेननी त्यांच्या घर-नंबरासकट तळघरात चिठ्ठी डकवली होती. आता कपड्यांचं बोचकं घेऊन ते त्यांच्याच दारात उभे होते.

“वार कोणता हवा तुला?”

“गुरुवार संध्याकाळ, जमलं तर.”

“गुरुवार फरीदाचा. तुला रविवार सकाळी सात.”

“सातला मी झोपलेला असतो.”

“सगळेच असतात. म्हणून तर ती पाळी मोकळी आहे.”

बघता बघता राग्नहिल्डबाईंचं स्वयंपाकघर हे सोसायटीचं खरं कार्यालय झालं. लोक दालचिनीचे बन घेऊन यायचे, कॉफी पिऊन, पाळी घेऊन जायचे. कुणाचं कुणाशी पटत नाही हे बाईंना पाठ होतं, त्यामुळे तळघरातली भांडणंही थांबली. तंत्रज्ञ रापून परत आला आणि म्हणाला, “दहा मिनिटांत हे पान कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडेल असं करून देतो.” पण तसं करणं म्हणजे चूक कबूल करणं. तोर्स्तेननी त्याला प्रगतीवर एक छोटं भाषण देऊन घरी पाठवलं. मे महिन्याच्या वार्षिक सभेत त्यांनी अहवाल वाचला: “आपली शंभर टक्के घरं आज तार्नावरून पाळी लावतात.” यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

जूनमध्ये तार्ना विंडोजवर आला. तोर्स्तेननी पहिल्याच सकाळी तो घेतला आणि बाह्या सरसावून पान उघडलं. ऑगस्टअखेरपर्यंतची प्रत्येक पाळी एकाच नावावर होती. घर क्रमांक एकतीस, राग्नहिल्ड लिंडेल. बरोबरच होतं. त्या पानाला आजवर दुसरं कुणी भेटलंच नव्हतं.

त्यांनी एक गुरुवार रद्द करून पाहिला. ‘पाळी फक्त जिच्या नावावर आहे तीच व्यक्ती रद्द करू शकते,’ असं उत्तर आलं. ही अट त्यांनी स्वतः आग्रहानं घालून घेतली होती.

लॅपटॉप काखोटीला मारून ते तिसऱ्या मजल्याकडे निघाले. जिन्यात चार माणसं रांगेत उभी होती. शेवटी फरीदा, दोन्ही पोरांसकट.

“हे काय आणलंत?”

“तार्ना. आजपासून विंडोजवरही मिळतो.”

“छान झालं,” फरीदा म्हणाली आणि एक पोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “तुमचा नंबर माझ्या मागे.”