माझी बिनतोड हरकत

गावात कुठलंही काम अडवायचं असेल तर खुशाल माझ्याकडे या! एखादं काम तडीस न्यायचं असेल तर दुसरं दार बघा. पण अडवायचं असेल तर कासूपासून गडबपर्यंत माझ्या तोडीचा माणूस नाही. मी दिनानाथ मास्तर. तीस वर्षं शाळेत पोरांना अडवलं, आता निवृत्त झाल्यावर ग्रामसभेला अडवतो. मोबाइलचा टॉवर देवळाच्या कळसापेक्षा उंच होणार होता, तो मी अडवला. तेव्हापासून फोन लावायचा तर मलाच आंब्यावर चढावं लागतं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व!

माझं दुसरं वेड कीर्तनाचं. बुवांनी कमरेला उपरणं आवळलं की मला भूक, तहान आणि गुडघे, तिन्हींचा विसर पडतो. बुवा हसवतात तेव्हा मी सगळ्यांच्या आधी हसतो आणि रडवतात तेव्हा शेजारच्याचा पंचा घेऊन रडतो. या कीर्तनासाठी आम्ही देवळाला लागून एक लांबलचक हॉल बांधलाय. भाताची कापणी उरकून एकेकाने वाळूची घमेली डोक्यावरून वाहिली. माझ्या डोक्यावर आज जे काही नाही, ते त्या घमेल्यांनी नेलं.

आणि त्याच हॉलवर गिरजाबाईंची नजर पडली!

गिरजाबाई आमच्या सरपंच. ग्रामसभेत उठल्या आणि म्हणाल्या, "आपल्या महिपतीची मालू नेमबाजीत जिल्ह्यात पहिली आली. सरावाला पोर पनवेलला जाते. आपल्याकडं इनडोअर शूटिंग रेंज होऊ शकते. दहा मीटर लांब जागा लागते. आपला हॉल हाय ना!"

मी ताडकन उठलो. "जिथे नारदाची गादी, तिथे बंदूक?"

"मास्तर, हवेच्या बंदुका. छर्रे हायत, तोफ नाय!"

"आणि सप्ताह कुठे करायचा? तुमच्या पडवीत?"

"गुरुवारी सकाळी दहाला अलिबागचे साहेब जागा बघायला येणार हायत. लोकांची हरकत निघाली तर ते खांब गावाला जातील. तिथले लोक हॉल झाडून बसलेत!"

महिपती आमचा पखवाजवाला. पोरगी त्याची, आणि माझ्याशेजारी बसून तो नुसता पखवाजाला कणीक लावावी तशी मांडी थोपटत होता. मला वाटलं, माझ्या बाजूने आहे!

त्या दुपारी आंब्यावर बसल्या बसल्या मला बेत सुचला. सप्ताह! खरा आमचा सप्ताह माघात, पण हरिनामाला मुहूर्त कशाला? गुरुवारी सकाळी सातला वीणा उभी करायची. एकदा वीणा उभी राहिली की सात दिवस ती जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. दोन-दोन तासांचा पहारा. घेणारा आंघोळ करून, माळ घालून येतो, देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा त्याच्या पडतो, मगच वीणा हलते. साहेब काय, साहेबांचे साहेब आले तरी त्या वीणेला बाजूला हो म्हणायची छाती कोणाची नाही!

घरोघरी फिरून मी बारा पहारेकऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि घरी येऊन त्यांपुढे वेळा लिहिल्या. वर नुसतं श्री. गावात यादी कशाची हे सांगावं लागत नाही. गिरजाबाईंनी साहेबांसाठी मालूचं प्रात्यक्षिक ठेवल्याची कुणकुण गावात फक्त मला लागली होती. दुसऱ्या कागदावर हरकतीचा अर्ज लिहिला. सात मुद्दे! पहिलाच मुद्दा असा होता: 'गुरुवारी सकाळी नऊपासून शाळेच्या मैदानात नेमबाजीचं जे प्रात्यक्षिक ठेवलं आहे, त्यास कोणीही ग्रामस्थ फिरकणार नाही.' मग यादी हॉलबाहेरच्या फळ्यावर चिकटवली आणि अर्ज खिशात घातला.

निदान मला तसं वाटलं.

आमच्या हिने, शांतीने, तेव्हाच विचारलं होतं, "अहो, चष्मा कुठाय तुमचा?"

"अंधार थोडाच पडलाय!" मी म्हणालो.

गुरुवारी वीणा उभी केली. पहिला पहारा माझा, सात ते नऊ. नऊला महिपती वीणा घेणार, दहाला मी अर्ज घेऊन साहेबांसमोर उभा राहणार. नऊ वाजले. महिपती नाही. सव्वानऊ. कोणी म्हणजे कोणीच नाही! हॉलमध्ये मी, वीणा आणि खांबाला टेकून बसलेली धोंडुबाई. तिला उभं करायलाच दोन माणसं लागतात, ती वीणा काय घेणार?

आणि पहाऱ्यात दुसरा शब्द बोलायचा नाही. तोंडातून निघेल ते फक्त हरिनाम. मी धोंडुबाईकडे बघून भुवया उडवल्या, मानेने दाराकडे खुणा केल्या आणि जोर लावून म्हणालो, "राम कृष्ण हरी!"

धोंडुबाईने हात जोडले. मी डोळे मोठे केले. तिचेही मोठे झाले. सरपटत पुढे आली, हात उंचावून माझ्या कपाळाला बुक्का लावायला गेली, तो माझ्या बंडीच्या बटणाला लागला. "मास्तरांची समाधी लागली गो बायांनो!" असं दाराकडे तोंड करून ओरडली आणि परत खांबाला टेकली.

साडेदहा झाले. नाकावर माशी बसली. डावा हात वीणेवर, उजवा तारेवर! ती माशी माझ्या नाकावर असा संसार थाटून बसली, जणू तिच्या बापाने सातबारा करून दिला होता. साडेअकरा वाजत आले. पायांत मुंग्या आल्या, मुंग्या गेल्या, पायही गेले. आणि तेवढ्यात दारात चपला वाजल्या. साहेब, मैदानातलं प्रात्यक्षिक उरकून! मागे गिरजाबाई, आणि खांद्याला लांब पिशवी अडकवलेली मालू.

साहेब वीणा बघून थबकले. माझं काळीज सुपाएवढं झालं. बेत फळला!

"इथे काहीतरी धार्मिक चालू आहे वाटतं," साहेब कुजबुजले. "लोकांची काही हरकत?"

'आहे! सात मुद्दे!' असं मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "राम कृष्ण हरी!"

"मास्तर खूश हायत," गिरजाबाई म्हणाल्या.

मी ओरडलो, "राम! कृष्ण! हरी!"

"लय खूश हायत."

मी हनुवटीने छातीवरचा खिसा दाखवायला लागलो. मालू हुशार पोरगी. "साहेब, मास्तरांच्या खिशात कागद हाय. तुम्हाला द्यायचाय वाटतं." तिने पायातल्या चपला बाहेर काढल्या, हात जोडून कागद काढला आणि साहेबांना दिला. मी मनात म्हटलं, संपलं! आता वाचा मुद्दे!

साहेब वाचायला लागले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला.

"सात ते नऊ, दिनानाथ मास्तर. नऊ ते अकरा, महिपती. अकरा ते एक, मोरू... अहो, इथे तर बॅच पाडून तयार आहेत! सह्यांसकट! खांबला आम्हाला नुसता चहा मिळाला. आणि हे काय? रात्री एक ते तीन, दाजी? रात्री एकलासुद्धा सराव करणार?"

गिरजाबाईंना काय ते कळलं. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "आमचं गाव तसंच हाय साहेब," त्या म्हणाल्या. "एकदा घेतलं की खाली ठेवत नाय."

माझ्या डोळ्यांसमोर फळा उभा राहिला. यादी माझ्या खिशात, म्हणजे फळ्यावर काय? फळ्यावर अर्ज! म्हणजे पहारा कधी कोणाचा हे गावात कोणालाच ठाऊक नाही. आणि मैदानात नऊपासून प्रात्यक्षिक आहे, हे मात्र माझ्याच अक्षरात सगळ्यांना ठाऊक!

"हे मास्तर कधीपासून उभे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"सातपासून," धोंडुबाई खांबापासून म्हणाली.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "साडेचार तास? एका जागी? हलले नाहीत? नाकावर माशी असून?"

मालू म्हणाली, "आम्हाला सर बंदुकीच्या नळीवर नाणं ठेवून उभं करतात. माझं दहा मिनिटांत पडतं."

साहेबांनी भक्तिभावाने खिशातून एक रुपया काढला आणि वीणेच्या वरच्या टोकावर ठेवला. आता पंचाईत बघा! वीणेवर ठेवलेली वस्तू म्हणजे देवाला वाहिलेली. ती पाडली तर पाप! मी श्वास आवरला. पोट आवरलं. माशीने नाकावरून मिशीत स्थलांतर केलं. रुपया जागचा हलला नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मालूने वाजवल्या, खांबाला टेकलेल्या धोंडुबाईने समजून न घेता वाजवल्या.

"ठरलं!" साहेब म्हणाले. "रेंज इथेच. सप्ताहाचे सात दिवस सामान काढून ठेवा, माझी ना नाही. आणि मुलांना स्थिर उभं राहायला हे मास्तर शिकवतील. मास्तर, काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा, मी कागदावर सही करतोय."

तेवढ्यात दारात शांती! एका हातात माझ्या भाकरीचं फडकं, दुसऱ्या हाताने ओढत आणलेला महिपती. त्याच्या अंगावर अजून आंघोळीचं पाणी निथळत होतं. "अहो, फळ्यावर काय लावलंय तुम्ही!" ती दारातूनच ओरडली. "हा मैदानात पोरीसाठी शिट्ट्या मारत बसला होता!"

शांतीने आधी वीणेवरचा रुपया अलगद उचलून गादीपाशी ठेवला. महिपती माझ्या पाया पडला. मी त्याच्या पडलो, म्हणजे पडलो ते उठायला वेळच लागला. तो कानात पुटपुटला, "मास्तर, रागावू नका. पोर रोज पहाटे एकटी पनवेलला जायची. मला ग्रामसभेत तुमच्यापुढं बोलवलं नाय." वीणा त्याच्या गळ्यात गेली.

मी मोकळा झालो! साहेबांची लेखणी कागदावर टेकली होती. मालू माझ्याकडे बघत होती, पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून. सात मुद्दे माझ्या जिभेवर रांगेत उभे होते. मी छाती भरून घेतली, तोंड उघडलं आणि साडेचार तासांची सवय लागलेल्या त्या तोंडातून खणखणीत बाहेर पडलं, "राम कृष्ण हरी!"

साहेबांनी सही केली.

संध्याकाळी बुवांनी कीर्तनात एकाग्रतेवर दृष्टांत दिला, माशीसकट. सगळा हॉल पोट धरून हसला. त्या दिवशी मात्र मी सगळ्यांच्या शेवटी हसलो, पण हसलो. महिपतीच्या पंच्याने डोळे पुसले. पखवाज त्याने असा काही वाजवला की मला पुढचे दोन दिवस त्याच्याशी अबोला धरायचा होता, तो धरताच आला नाही.

आता रेंज सुरू होऊन सहा महिने झाले. पहाऱ्याची ती यादी साहेबांनी काचेत बसवून आत लावली आहे, आणि त्या वेळा कोणी बदलू देत नाही. पहिली बॅच, सात ते नऊ, दिनानाथ मास्तर. माझा नेमही बरा लागतो म्हणतात. हरकतीचा अर्ज अजून बाहेर फळ्यावरच आहे. रोज सकाळी बंदूक घेऊन आत जाताना मी चष्मा लावून तो एकदा वाचतो. मुद्दे बिनतोड आहेत!