पाठीमागचे चिमटे

कपड्यांच्या दुकानातला पुतळा समोरूनच पाहायचा असतो, असा सर्वमान्य नियम आहे. मागून त्याला चिमटे लावलेले असतात. कोणताही झगा कोणत्याही पुतळ्याला आपणहून बसत नाही. तो मागे गोळा करून, चिमट्यांनी आवळून बसवावा लागतो. मोठ्या रस्त्यावरच्या त्या दुकानात हे आवळण्याचे खाते ज्यांच्याकडे होते, त्यांना सगळे सजावटकाका म्हणत. काका मन लावून आवळत. समोरून एक चुणी दिसली तरी त्यांना जेवण गोड लागत नसे.

एकदा एका मुलीने काचेच्या दालनात शिरून पुतळ्याशेजारी फोटो काढला आणि खाली लिहिले, ‘हिला जमतं, तर मला का नाही?’ फोटो तुफान पसरला. आठवड्याभरात दुकानाबाहेर रांग लागली. पुतळ्याशेजारी उभे राहायचे, पुतळ्याइतके दिसायचे, आणि नाही दिसलो तर जेवणाशी संबंध आणखी कमी करून पुन्हा यायचे, असे त्या उपक्रमाचे स्वरूप होते. लोक त्याला पुतळा-साधना म्हणू लागले. दुकानाने रांगेसाठी दोरी बांधली आणि सावलीसाठी छत टाकले. बाक मात्र ठेवले नाहीत. बसल्यावर पोट दिसते.

पुढे काही मुली खरोखरच पुतळ्याइतक्या झाल्या आणि व्यवस्थापनापुढे पेच पडला. ज्याच्यासारखे होता येते, त्याच्याकडे बघायला कोण येणार? तातडीची बैठक झाली. चहाबरोबर बिस्किटे आली, ती कोणीही कोणाच्या देखत उचलली नाहीत.

“काका,” व्यवस्थापक म्हणाले, “हिची कंबर जरा जास्त वाटत नाही?”

“साहेब, ती फायबरची आहे. काही खात नाही.”

“तेच तर! न खाता एवढी? लोक काय म्हणतील?”

पुतळ्याच्या कटि-सुसूत्रीकरणाचा ठराव एकमताने मंजूर झाला. सुतार कानस घेऊन आला आणि घासत बसला. घासून घासून कंबर अशी झाली की पुतळा उभाच राहीना. तेव्हा त्याला भिंतीला टेकवून ‘निवांत पवित्रा’ जाहीर करण्यात आला. रांगेतल्या मुलीही भिंतीला टेकू लागल्या. त्यांना तशीही गरज होतीच.

मग कोणीतरी तक्रार केली की पुतळ्याचे गाल भरलेले दिसतात. मुंडके काढले. दंड जाड वाटले, हात काढले. सुसूत्रीकरणाच्या अखेरच्या टप्प्यात धड आणि पाय गोदामात गेले आणि काचेमागे उरला तो पुतळ्याला आधार देणारा लोखंडी दांडा. काकांनी त्याच्यावर झगा चढवला आणि मागून आवळला. दांड्याला आजवरचे सर्वाधिक प्रेम मिळाले. ‘काय शिस्त आहे!’ एकीने लिहिले. दुसरीने विचारले, ‘ताई, सकाळी काय घेतेस?’

काकांना या सगळ्याची गंमत वाटत होती. मग त्यांच्या लक्षात आले, की घरी आपल्या मुलीचे ताट वाढले तसेच उठते आहे.

“अगं, मागून आवळलेलं असतं ते सगळं,” ते एका संध्याकाळी म्हणाले. “मीच आवळतो.”

“बाबा, तुम्हाला फॅशनमधलं काही कळत नाही.”

“अगं पण चिमटे मी—”

“पुतळ्याला असतील. दांड्याला कुठे चिमटे?”

“दांड्यालाच तर सगळ्यात जास्त!”

मुलीचे डोळे चमकले. “म्हणजे त्यालाही कपडे सैल होतात? आई, ऐकलंस?”

काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. “अहो, एकदा सगळ्यांसमोर सोडा ना ते चिमटे,” त्या हळूच म्हणाल्या. “पोरगी जिना चढताना दोनदा बसते हल्ली.”

“आणि नोकरी?” काका म्हणाले. “घर कशावर चालवू? चार दिवसांचं खूळ आहे, जाईल.” दुसऱ्या दिवशी वरून हुकूम आला की झगा अजून आवळावा. काकांनी आवळला.

मुलगी त्या दुपारी रांगेतून आत आली तेव्हा काका दांड्यामागे वाकून, एक चिमटा दातांत धरून, दुसरा बसवत होते. त्यांना आधी तिच्या चपला दिसल्या. ती दांड्याशेजारी उभी राहिली, काचेपलीकडच्या गर्दीकडे पाहून हसली आणि घडी पडावी तशी खाली पडली.

गर्दीने टाळ्या वाजवल्या. नवा पवित्रा! रांगेतल्या चौघी-पाचजणी लगेच फुटपाथवर आडव्या झाल्या. व्यवस्थापक धावत आले.

“काका, हलवू नका, हलवू नका! उजेड काय सुंदर पडलाय!”

“साहेब, माझी पोरगी आहे ती!” काका दातांतल्या चिमट्याआडून ओरडले.

“मग तर तुमचं अभिनंदन!”

काकांनी तिला उचलले. उचलायला जोर लागला नाही, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. दातांतला चिमटा त्यांनी काढला तो थेट डॉक्टरीणबाईंसमोर.

“हृदय अजून सांभाळून घेतंय,” नाडीवरचे बोट न काढता त्या म्हणाल्या. “किती दिवस घेईल, ते आता हिच्या खाण्यावर आहे.”

काका दुकानात परतले ते एवढ्याचसाठी की दांडा फिरवून त्याची पाठ रस्त्याकडे करावी. चिमट्यांची ती सगळी रांग भर उजेडात दिसू लागली. आता तरी लोकांना कळेल, असे समजून त्यांनी राजीनामा दिला आणि ते घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मुली पाठीवर चिमटे लावून हिंडू लागल्या. दुकानाने ते सहा रंगांत काढले.

घरी मात्र हळूहळू जमू लागले. पहिल्यांदा दोन चमचे सूप गेले, मग चार. एका सकाळी मुलीने आपणहून वाटी पुढे केली, तेव्हा काकू भांडी लावायच्या निमित्ताने आत जाऊन डोळे पुसून आल्या. काकांनी उगाचच पंख्याचा वेग वाढवला. कोणीही काही बोलायचे नाही, असे दोघांचे ठरले होते.

त्याच दिवशी आत्या भेटायला आली. आत्याचा मोबाइल बटणांचा. साधना, पवित्रे, दांडा यांतले तिला काहीच ठाऊक नव्हते. भाची आजारी आहे एवढे कळले आणि ती होती त्या साडीवर निघाली. आल्या आल्या तिने मुलीला जवळ घेतले, पाठीवरून हात फिरवला, मग दोन पावले मागे सरकून तिला डोळे भरून पाहिले.

“आजारपण आजारपण म्हणतात,” आत्या कौतुकाने म्हणाली, “पण किती छान बारीक झालीस गं! आता एवढीच राहा हो.”

आत्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. बऱ्याच दिवसांनी कोणी भेटले की तुम्ही-आम्ही जे पहिले वाक्य बोलतो, तेच ती बोलली होती. मुलीने चमचा वाटीत ठेवला, वाटी बाजूला सरकवली आणि विचारले, “खरंच, आत्या?”