अजून थोडं मागे

जावयाचा कॅमेरा गळ्यात अडकवल्यापासून सुगोंडो मास्तरांना जकार्तातला प्रत्येक माणूस चोर दिसत होता. पुर्वोरेजोहून निघताना जावयाने बजावलंच होतं, "बाबा, राजधानी आहे ती. कॅमेरा कोणाच्या हातात देऊ नका."

मोनास या राष्ट्रीय स्मारकाच्या उंच मनोऱ्यासमोरच्या पटांगणात सुट्टीची तोबा गर्दी. मास्तर बायकोचे फोटो काढत होते. पण मनोरा पुरा आला की वागियेमबाई अर्ध्या, आणि बाई पुऱ्या आल्या की मनोरा अर्धा.

"एखाद्यात माझं डोकं तरी घ्या हो," बाई वैतागल्या. "आणि जोडीचा एक हवाच. लग्नानंतर आपला दोघांचा फोटो आहे कुठे?"

आता कॅमेरा कोणाच्या तरी हातात देणं आलं. मास्तरांनी माणसं पारखायला सुरुवात केली. तरुण नकोत, पळतील. शेवटी नक्षीदार बाटिकचा शर्ट घातलेले एक जाडजूड गृहस्थ पसंत पडले. एवढं पोट घेऊन पळणार कुठे?

"दादा, मनोऱ्यावरची सोनेरी ज्योत आली पाहिजे हं," बाईंनी सांगितलं.

"आणतो की, ताई! आम्हीही मकासरहून फिरायलाच आलोय." गृहस्थ मागे सरकले. "नाही मावत." आणखी मागे सरकले. "अजून थोडं!" तेवढ्यात मध्ये शाळेची सहल घुसली आणि गृहस्थ दिसेनासे झाले.

मास्तर बोट रोखून ओरडले, "चोर! चोर! पकडा त्या बाटिकवाल्याला!"

सुट्टीच्या दिवशी निम्मं जकार्ता बाटिकमध्ये. लोकांनी आधी दोन भलतेच बाटिकवाले धरून आणले; त्यांतला एक सहलीबरोबरचा मुख्याध्यापक निघाला. मग खरे गृहस्थ आले. शर्टाची बटणं तुटलेली, एक चप्पल गायब. पण कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर, जपून धरलेला.

"अहो, मी मागे जात होतो!" ते धापा टाकत म्हणाले. "ताईंना ज्योत हवी होती ना!"

आरडाओरडा ऐकून आलेल्या पहारेकऱ्याने कॅमेऱ्यात पाहिलं. मनोरा पायथ्यापासून ज्योतीपर्यंत अख्खा. खाली वागियेमबाई गोड हसतायत आणि शेजारी मास्तर तोंड वासून बोट रोखून उभे.

"काय सुंदर आलेय मी!" बाई म्हणाल्या.

लोक खो खो हसले. मास्तरांचे कान तापले. पुराव्याशिवाय कोणावर आळ घेऊ नये, हे त्यांनी वर्गात जन्मभर शिकवलं होतं. आता जमीन दुभंगेल तर बरं, असं त्यांना झालं. ती दुभंगेना, तेव्हा त्यांनी आपल्या चपला काढून गृहस्थांपुढे ठेवल्या.

"माफ करा. चूक झाली माझी."

"अहो, राहू द्या, राहू द्या."

"घाला हो दादा," बाई म्हणाल्या. "बसू दे यांना जरा चटके."

गृहस्थांनी चपला घातल्या. भर दुपारच्या फरशीवर मास्तर या पायावरून त्या पायावर नाचू लागले. ते पाहून गृहस्थ विरघळले. "झालं गेलं विसरा. चला, आपला तिघांचा एक होऊन जाऊ दे!"

मास्तरांचे डोळे भरून आले. लगबगीने त्यांनी कॅमेरा एका तरुणापुढे धरला. "बाळ, जरा आमचा..."

तरुणाने दोन्ही हात खिशात घातले. शेजारच्या बाईने तोंड फिरवलं. पहारेकऱ्याला एकदम ड्युटी आठवली. मास्तर कॅमेरा पुढे करत ज्याच्याकडे वळत, तो हात पाठीमागे घेऊन चार पावलं मागे सरके. आणि बघता बघता त्या गजबजलेल्या पटांगणात तिघांभोवती भलंमोठं रिकामं रिंगण झालं.