मास्तरीण खाली बसत नाही

सत्य हुंगायला नाक लागते आणि ते मान्य व्हायला शिक्का लागतो. ढेकूणशोधक श्वानांच्या प्रशिक्षण केंद्रात दोन्हींची सोय एकाच छताखाली केलेली आहे, ही नागरिकांच्या झोपेच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हटली पाहिजे.

शिकवण्याची पद्धत साधी आहे. जाळीच्या झाकणाचे दहा डबे ओळीने मांडतात. एकात जिवंत ढेकणांची बाटली असते, तोंडाला फडके बांधलेली. (ढेकणांचे पोषण भांडारपालाकडे आहे. कसे, ते त्याच्या दंडावर दिसते.) श्वान त्या डब्यापाशी थबकला की त्याला चेंडू मिळतो, पुढे पुढे थबकून खाली बसला तरच मिळतो. चार महिन्यांत ढेकूण आणि चेंडू यांचे त्याच्या डोक्यात पक्के जमते. मात्र दोरी धरणाऱ्या हस्तकाला डबा आधीच ठाऊक असेल, तर तो तिथे नकळत श्वास रोखतो आणि श्वान ढेकणांऐवजी माणूस हुंगायला शिकतो. म्हणून अंतिम परीक्षेत खोलीतल्या कोणालाही काहीही माहीत नसावे, असा नियम आहे. (हा नियम केंद्राला कधी जड गेलेला नाही.) माहिती फक्त भांडारपालाला, आणि तो दाराबाहेर.

यंदा परीक्षेला आठ श्वान होते. सात जण कुठल्या ना कुठल्या डब्यापाशी रुबाबात बसले. आठवी मास्तरीण. वह्या तपासाव्यात तसे डबे तपासते म्हणून हे नाव. तिने दहाही डबे हुंगले, उलट दिशेने पुन्हा हुंगले, हस्तकाकडे पाहिले आणि उभीच राहिली. नापास श्वानाची रवानगी दूरच्या गोदामावर पहाऱ्याला होते. हस्तकाने तिला दोन महिन्यांची असल्यापासून वाढवलेले. त्याच्या घरी जेवणाच्या वेळी तिची जागा ठरलेली आहे.

मग यादी ताडून पाहायला भांडारपालाला आत बोलावले.

"यादी कसली, साहेब? डॉक्टर म्हणाले, दंड सुजलाय, बंद करा हे. मागच्याच आठवड्यात ढेकूण उकळत्या पाण्यात सोडले. तसा अर्ज दिलाय. डबे मात्र नियमाप्रमाणे मांडले."

संचालकांनी शांतपणे विचार केला. सात प्रमाणपत्रांवर सह्या झाल्या होत्या, आणि 'काही नव्हते व तसेच सांगितले' असा रकाना तक्त्यात नव्हता.

"म्हणजे हिचंच बरोबर होतं ना, साहेब?" हस्तकाने विचारले.

"बरोबर होतं रे. पण बसली नाही ना."

"नव्हतंच काही, तर बसेल कशाला?"

"बाकीचे सात बसले की. नऊ दिवसांनी फेरपरीक्षा ठेवतो. तोवर तिला जरा जगाची रीत शिकव."

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळे ऐकून म्हणाली, "तुम्ही नाही का शिकलात नोकरीत? ती तर तुमच्यापेक्षा हुशार आहे."

तो शिकवू लागला. रिकामे डबे मांडायचे, एकापाशी श्वास रोखायचा, ती बसली की चेंडू. पहिले दोन दिवस तो दोरीने तिला बसवी. चेंडू तिने तोंडात घेतला नाही, नुसती हस्तकाकडे पाहत राहिली. तिसऱ्या दिवसापासून तो दुसरीकडे पाहू लागला. सहाव्या दिवशी ती आपणहून बसली.

फेरपरीक्षेला डबे रिकामेच होते (नव्या ढेकणांची फाइल अजून फिरते आहे). कुठे श्वास रोखायचा ते हस्तकाने जिना चढताना ठरवले होते. मास्तरीण विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाली.

आता ती घरोघर जाते. घरमालक जिथे श्वास रोखतो तिथे बसते. मग घर रिकामे करून औषध मारतात, आणि त्यानंतर तिथे एकही ढेकूण सापडलेला नाही. यश शंभर टक्के. संध्याकाळी ती घरी ठरलेल्या जागी बसते. हस्तक जेवताना अजून दुसरीकडे पाहतो.

त्या दोघांना हसण्यापूर्वी एक नोंद. परीक्षेच्या आधीच ढेकूण उकळले गेले. या मजकुरात आता एकही शिल्लक नाही. मास्तरणीला रिकाम्या डब्यापाशी बसायला सहा दिवस लागले. तुम्ही मात्र दुसऱ्या परिच्छेदापासून मान खाजवत आहात.