सांबार किंवा रसम

मंदार जोगळेकरला श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यात लागून सहा महिने झाले होते आणि नोकरी कायम होणार की नाही, ते आज ठरणार होतं. नेमका आजच या पठ्ठ्याने कॅन्टीनचा नवा टोकन-प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर तीन बटणं: सांबार, रसम आणि मोर, म्हणजे ताक. एक दाबलं की बाकीची आपोआप वर येणार. साडेबाराला टोकनची रांग पार फाटकापर्यंत गेली.

कॅन्टीन सांभाळणाऱ्या बालाजीरावांचा फोन आला. ते तंजावरकडचे मराठी. "मंदारराव, रसम दाबलं की सांबार जातंय."

"बरोबर आहे की. एकच घ्यायचं ना?"

"तुमच्यात असं जेवतात का हो?" बालाजीरावांनी फार कळवळून विचारलं. "अय्यो, सादम, म्हणजे भात, आधी सांबाराशी, मग रसमाशी, शेवटी मोराशी. तिन्ही पाहिजे की!"

सहा महिने पोळीभाजीचा डबा खाणाऱ्याला हे कोण सांगणार? त्याने घाईघाईत 'एक दाबलं की दुसरं वर' ही ओळच काढून टाकली. रांग हलली. ती ओळ कारखान्यातल्या सगळ्याच प्रोग्रॅमांना सामाईक आहे, हे बिचाऱ्याच्या ध्यानातच आलं नाही.

तीन वाजता साहेबीण चारुलताबाईंनी बोलावलं. टेबलावर त्याच्या नावाची दोन पत्रं होती. एकात नोकरी कायम, दुसऱ्यात सेवा समाप्त.

"रांग बघून रागाने माझ्या पडद्यावर 'समाप्त' दाबलं," त्या म्हणाल्या. "मग वाटलं, नवा आहे, चुकायचाच. म्हणून 'कायम' दाबलं. दोन्ही दाबलेलीच राहिली आणि दोन्ही छापून आली."

मंदारने दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. "मग मॅडम, मी आहे की नाही?"

"आधी दुरुस्त कर. मग परत दाबते."

त्याने ती ओळ जिथल्या तिथे ठेवली. चारुलताबाईंनी 'कायम' दाबलं, 'समाप्त' वर आलं. एकच पत्र छापलं, त्यावर सही झाली. मंदारचे डोळे खरोखर भरून आले.

तेवढ्यात फोन वाजला. चारुलताबाईंनी ऐकून घेतलं. "बालाजीराव आहेत. दुसऱ्या पाळीची माणसं जेवायला आलीत आणि सांबार पुन्हा गेलंय म्हणतात."

मंदारने आधी पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं, आणि मगच फोन घेतला.