भिंत बचाव मंडळाचा उतार

घराचा खरा शत्रू पाणी नसून थांबलेलं पाणी होय. ते भिंतीत शिरतं, पोपडे काढतं, पायाखालची माती पोखरतं आणि एवढा मुक्काम करून भाडंही देत नाही. हे सत्य आमच्या गल्लीला फार लवकर उमगलं आणि भिंत बचाव मंडळाची स्थापना झाली. मंडळाचं धोरण सुटसुटीत आहे. प्रत्येकाने आपल्या अंगणात असा उतरता कोबा करावा, की पाणी क्षणभरही रेंगाळू नये.

गल्लीच मुळात उताराची, त्यामुळे धोरण कमालीचं यशस्वी झालं. सर्वांत वरच्या घरातल्या निवृत्त हेडक्लार्कांनी (हेच अध्यक्ष) कोबा केला, तेव्हा त्यांचं पाणी शेजारच्या वकिलांच्या पायाशी गेलं. वकिलांनी स्वतःचं आणि अध्यक्षांचं असं दोन्ही पाणी दंतवैद्यांकडे रवाना केलं. असं करत करत ते माझ्यापर्यंत आलं. मीही मागे हटलो नाही. गवंडी सगळ्यांचा एकच. प्रत्येक घरी तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "साहेब, एक थेंब थांबला तर नाव बदलीन." (त्याचं स्वतःचं घर टेकडीवर आहे.)

माझ्याखाली एकच घर, शिवणकाम करणाऱ्या काकूंचं. त्यांच्यापुढे कारखान्याची उंच भिंत. त्यामुळे आलेलं पाणी पुढे पाठवण्याच्या कामी मंडळाला सहकार्य न करणाऱ्या त्या एकमेव सभासद होत्या.

"अहो, भिंतीला हात लावला तर भिंतच हातात येते," त्या सभेत म्हणाल्या. "घराचा पाया खचतोय. गल्लीच्या कडेनं एक गटार काढा ना, सगळ्यांचंच भलं होईल."

सूचना अत्यंत गांभीर्याने घेण्यात आली. गटार हवं, यावर शंभर टक्के एकमत झालं. ते समोरच्या बाजूने जावं, यावरही शंभर टक्के एकमत झालं (दोन्ही बाजूंचं). वकिलांच्या स्कूटरची जागा जात होती, दंतवैद्यांच्या बायकोच्या गुलाबांचा प्रश्न नाजूक होता, आणि माझी पायरी तर नवी कोरी होती.

मग पाहणी समिती नेमली. पाय ओले होऊ नयेत म्हणून पाहणी दारातूनच झाली. समितीच्या शिफारशी अशा: कपाट भिंतीपासून लांब ठेवावं, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पाऊस आत येत असल्यास त्या बंद ठेवाव्यात, आणि डागांकडे पाठ करून शिवायला बसावं.

काकूंनी शेवटची शिफारस पाळली, त्यामुळे भिंत पडताना त्यांना दिसली नाही. ती बाहेरच्या बाजूला पडली म्हणून त्या वाचल्या. आम्ही धावलो तेव्हा त्या मशीनला धरून उभ्या होत्या.

"तरी मी म्हणतच होतो," अध्यक्ष म्हणाले, "बांधकाम जुनं आहे."

संध्याकाळी टेम्पोत मशीन चढवून काकू भाचीकडे गेल्या. मला मनापासून वाईट वाटलं. माझी उसवलेली पँट त्यांच्याकडेच राहिली होती.

वार्षिक अहवालानुसार ओलीबद्दल आता एकाही सभासदाची तक्रार नाही. (सभासद होण्यासाठी घर असावं लागतं, त्यामुळे काकूंचं नाव आपोआप वगळलं गेलं.)

अडचण एवढीच, की काकूंच्या जागी आता तळं साचतं आणि त्याच्या काठावरचं पहिलं घर माझं आहे. परवा आमच्या झोपायच्या खोलीत पलंगामागे हातभर डाग उमटला. बायको म्हणाली, "आता आपण कुठं जायचं?" तेव्हापासून गटार ही काळाची गरज आहे, असं माझं ठाम मत झालंय. पायरी तोडायलाही मी तयार आहे. पण मंडळात मी एकटा पडलो, म्हणून नवे सभासद जमवत फिरतोय आणि तुमच्यापर्यंत आलोय.

तुमच्या गच्चीवरचं, अंगणातलं पाणी शेवटी कुणाच्या पायाशी जातं, एवढंच सांगा. माहीत नाही म्हणता? मग राहू द्या. तुम्ही आमच्या मंडळाचे जुनेच सभासद निघालात.