गुरुजी झोपले की गेले

संपादकबाई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा निधनकाका एका निवृत्त टपाल अधिकाऱ्याच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार लावून देत होते. एकतीस वर्षे ते या वर्तमानपत्रात निधनवार्ता लिहीत होते. त्यांचे खरे नाव पगारपत्रकाशिवाय कुठेच उरले नव्हते.

"काका, एक छोटंसं काम आहे."

काकांनी मान वर केली नाही. छोटे म्हणून आलेले काम छोटेच निघाल्याचे त्यांना आठवत नव्हते.

"अ‍ॅनिमेवर म्हणजे जपानी कार्टून मालिकांवर लिहिणारी आपल्याकडची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेलीय. ती जिच्यावर लिहायची त्या मालिकेचा चौदावा भाग शनिवारी संध्याकाळी लागतोय. परीक्षण शनिवारी सकाळी छापायचंय. वाहिनीनं लिंक आधीच पाठवलीय."

"मी निधनवार्ता लिहितो, बाई."

"म्हणूनच म्हणते. तुमचा मजकूर वेळेवर येतो. आणि एक लक्षात ठेवा, लिंक एकदाच उघडते."

गुरुवारी दुपारी काका घरच्या सोफ्यावर बसले. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सासरे होते. ते आयुष्यभर एका रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात परिचारक होते आणि आता दिवसभर जे समोर लागेल ते बघत. त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. संवाद जपानीत होते आणि पडद्यावरच्या खालच्या मराठी ओळी त्यांना वाचता येत नव्हत्या. चित्र तेवढे दिसत होते.

मालिकेची नायिका नळदुरुस्ती करणारी मुलगी होती. गटारातून राक्षस निघत आणि ती हातातल्या पान्याने त्यांना बडवून काढी. तिचे म्हातारे गुरुजी प्रत्येक घावाआधी शिंकत आणि निम्मे राक्षस त्या शिंकेनेच आडवे होत. काकांनी सहा मिनिटे इमानेइतबारे पाहिली. वहीत लिहिले, 'पाना. राक्षस. शिंक.' मग राक्षसांची दुसरी तुकडी निघाली, पंख्याचा वारा बरा लागत होता, आणि काकांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा पडद्यावर नावे सरकत होती. काकांनी लिंक पुन्हा दाबून पाहिली. ती उघडली नाही.

"काय झालं हो शेवटी?" त्यांनी सासऱ्यांना विचारले.

"म्हातारा गेला."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? वारला. टाकीवर मारामारी झाली. सगळे राक्षस संपले. मग तो टाकीला टेकून बसला आणि गेला."

काका थोडे सावरून बसले. इतकी वर्षे झोपाळलेल्या नातेवाइकांकडून ते हीच माहिती काढत आले होते. "मागे कोण कोण आहे?"

"ती पोरगीच दिसली. बाकी कुणी दिसलं नाही."

लिहायला बसल्यावर पहिला परिच्छेद ओढूनताणून झाला. दुसऱ्यात मात्र हात आपोआप चालू लागला. 'ज्येष्ठ नळदुरुस्ती तज्ज्ञ गुरुजी यांचे पाण्याच्या टाकीवर कर्तव्य बजावत असताना निधन झाले. ते मनमिळाऊ स्वभावामुळे आणि शिंकेमुळे परिसरात सुपरिचित होते. त्यांच्या पश्चात एक शिष्या असा परिवार आहे.' संपादकबाईंनी शब्द मोजले, वाचले नाहीत. मुद्रितशोधन करणारी मुलगी या मालिकेची भक्त होती, पण तिची त्या दिवशी सुट्टी होती.

शनिवारी सकाळी साडेआठला तिचाच फोन आला. ती रडत होती. "काका, खरंच गेले का हो गुरुजी?"

"छापलंय तसंच आहे," काका म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलेले होते.

दुपारपर्यंत कार्यालयाच्या पायरीवर फुलांचे नऊ गुच्छ आले. एका महाविद्यालयाच्या मुलांना शोकसभेची बातमी द्यायची होती. जाहिरात विभागातला कारकून वर येऊन म्हणाला, "काका, गुरुजींचं वय काय लावू? आणि फोटो मिळेल का?" फोन उचलून उचलून काकांचा कान लाल झाला. शेवट आधीच फोडला म्हणून काहीजण शिव्या देत होते. काकांना त्या परवडल्या, कारण उरलेले नुसतेच हुंदके देत होते.

संध्याकाळी भाग लागला. शेवटी गुरुजी टाकीला टेकून बसले. शिष्येने विचारले, "गुरुजी, झोपलात का?" ते म्हणाले, "पाच मिनिटं." आणि नावे सुरू झाली.

त्यानंतरच्या फोनवर कुणी हुंदके दिले नाहीत.

"एकतीस वर्षांत एकदा तरी जिवंत माणसाला मारलंत का, काका?" बाईंनी थकल्या आवाजात विचारले.

"नाही."

"मग याच्यापासूनच का सुरुवात केलीत?"

दोन वर्षांनी निवृत्ती होती आणि कुणा जिवंत माणसाला मारले नाही, दाखवण्यासारखी एवढीच एक गोष्ट काकांच्या गाठीला होती. रविवारच्या अंकात त्यांनी स्वतःच्या हाताने खुलासा लिहिला: 'गुरुजी हयात असून त्यांची प्रकृती उत्तम आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' घरी जाऊन ते सासऱ्यांशी चकार शब्द बोलले नाहीत.

सोमवारी वाहिनीच्या व्यवस्थापिका आल्या. बाईंनी काकांना आत बोलावून दार लावले. काका आधीच म्हणाले, "चूक माझी आहे. राजीनामा लिहून ठेवलाय."

"राजीनामा राहू दे," व्यवस्थापिका म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं ते सांगा."

"काय?"

"येत्या शनिवारी पंधराव्या भागात कळतं की गुरुजी त्या पाच मिनिटांतून उठलेच नाहीत. आमच्याकडे हे फक्त चौघांना ठाऊक आहे. त्यातला कोण फुटला?"

काकांनी घरी फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"अहो, म्हातारा गेला हे तुम्ही कशावरून म्हणालात?"

"त्यात काय कळायचंय?" पलीकडून सासरे म्हणाले. "टाकीचा जिना चढताना दोनदा थांबला. डावा हात चोळत होता. कपाळावर घाम. शेवटच्या मारामारीत एकदाही शिंकला नाही. असे बसलेले पुष्कळ पाहिलेत मी. ते पाच मिनिटंच म्हणतात." जरा थांबून त्यांनी विचारले, "का? त्या पोरीला सांगितलं नाही का कुणी अजून?"

काकांनी फोन बंद केला.

"तो घाम काढायला तिकडे जपानात चित्रकारानं दोन आठवडे घेतले होते," व्यवस्थापिका हळूच म्हणाल्या. "कुणाच्या लक्षात येणार नाही असं आम्हाला वाटलं होतं."

"म्हणजे आमचा खुलासा चुकीचा," बाई म्हणाल्या. "आता खुलाशाचा खुलासा छापायचा?"

"शनिवारपर्यंत नको. हात जोडते. तोपर्यंत गुरुजींची प्रकृती उत्तमच असू दे."

काका बाहेर आले. राजीनामा फाडायचाही त्यांना कंटाळा आला. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर ते नवे निधन उतरवून घेऊ लागले.

बुधवारी मुद्रितशोधन करणारी मुलगी त्यांच्या टेबलाशी आली. दोन कप चहा आणला होता. "काका, शनिवारी मी तुमच्यावर फार चिडले होते. पण रविवारी खुलासा वाचला आणि मला नीट जेवण गेलं." तिने एक कप त्यांच्यापुढे सरकवला. "बरे आहेत ना हो गुरुजी?"

काकांनी तिच्याकडे पाहिले. अशा प्रश्नाला त्यांनी आजवर कुणाला खोटे उत्तर दिले नव्हते.

"बरे आहेत," ते म्हणाले. "जरा झोपलेत, इतकंच."

मुलगी हसून आपल्या जागेवर गेली. काकांनी चहाचा घोट घेतला. शनिवार यायला अजून तीन दिवस होते.